रोमचा मामेर्टाइन तुरुंग पाहण्यापूर्वी

रोमच्या प्राचीन फोरममध्ये, म्हणजे जुन्या शहराच्या मध्यवर्ती चौकात, सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या कमानीजवळ उभे राहून कॅपिटोलिन टेकडीकडे तोंड केले, तर टेकडीच्या पायथ्याशी उजव्या हाताला एक चर्च दिसते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस रोममधल्या सुतारांच्या संघाने संत जोसेफ यांच्या नावाने बांधायला घेतलेले हे चर्च आकाराने फार मोठे नाही, आणि फोरम पाहून दमलेले अनेक प्रवासी त्याच्याकडे लक्ष न देताच पुढे निघून जातात. या चर्चच्या पायाखाली दोन दगडी खोल्या आहेत, एकीच्या खाली दुसरी. वरची खोली वेड्यावाकड्या चौकोनाची, तर खालची गोलाकार. प्राचीन रोमचा सर्वांत जुना आणि सर्वांत धास्तीचा तुरुंग तो हाच, आणि ख्रिस्ती परंपरेनुसार संत पेत्र आणि संत पौल या येशूच्या प्रेषितांना मृत्युदंडापूर्वी डांबून ठेवण्यात आले ते ठिकाणही हेच. आज तो मामेर्टाइन तुरुंग या नावाने ओळखला जातो, मात्र हे नाव मध्ययुगापासून रूढ झालेले आहे. प्राचीन रोमन लोक त्याला नुसते ‘कार्कर’, म्हणजे तुरुंग, म्हणत आणि त्यातल्या खालच्या गोल खोलीला ‘तुलियानुम’ म्हणत.

इथे येणाऱ्या बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न असतो: पेत्र आणि पौल खरोखर इथे होते का? या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देण्याचा मोह पर्यटकांच्या माहितीपत्रकांना होतो आणि शंकेखोर इतिहासप्रेमींनाही होतो. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. या जागेत एकावर एक असे अनेक काळ साठलेले आहेत आणि प्रत्येक काळाचा पुरावा वेगळ्या जातीचा आहे. दगड काय सांगतो, रोमन लेखक काय सांगतात आणि ख्रिस्ती श्रद्धा काय सांगते, हे एकमेकांत न मिसळता समजून घेतले, तर या लहानशा जागेत अर्धा तास घालवणे सार्थकी लागते. ते न करता आत गेलो, तर पाच मिनिटांत पाहून संपणाऱ्या दोन ओलसर खोल्यांपलीकडे हाती काही लागत नाही.

तुरुंगाच्या आधीचे पाणी

सुरुवात सर्वांत खालून करावी लागते. कॅपिटोलिन टेकडी टफ नावाच्या, ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या सच्छिद्र दगडाची आहे. पावसाचे पाणी त्यात मुरते आणि पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. खालच्या गोल खोलीच्या जमिनीत असा एक झरा आजही आहे. त्यामुळे ही खोली मुळात तुरुंग म्हणून बांधलीच गेली नसावी, ती पाण्याचे टाके किंवा झऱ्यावरची बांधीव जागा असावी, असे अनेक अभ्यासक फार पूर्वीपासून मानत आले आहेत. तुलियानुम या नावाची एक व्युत्पत्तीही पाण्याच्या उसळीशी जोडली जाते, तर रोमन विद्वानांनी स्वतः ते नाव सर्व्हियस तुलियस या राजाशी जोडले होते.

खोली बांधली आहे ती पेपेरिनो नावाच्या करड्या दगडाच्या मोठमोठ्या चिऱ्यांनी. तिचा व्यास जेमतेम सात मीटर असून एका बाजूने सरळ भिंत घालून वर्तुळ कापलेले आहे. चिरे वर जाताना आत झुकत जातात. मूळ छत कदाचित याहून उंच, घुमटाकार असावे आणि वरची खोली बांधताना ते कापून सपाट केले असावे, असे या झुकावावरून अनुमान काढले जाते. आपल्याकडे धान्य साठवण्याचे पेव असते, तोंडाला अरुंद आणि पोटाला रुंद, तशी या खोलीची घडण होती आणि आत उतरण्याचा मार्ग एकच होता: वरच्या खोलीच्या जमिनीतले गोल भोक.

या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुरातत्त्वज्ञ पाट्रिझिया फोर्तिनी यांच्या नेतृत्वाखाली येथे मोठे उत्खनन झाले आणि २०१६ मध्ये ही जागा लोकांसाठी पुन्हा खुली करण्यात आली. त्या कामात तुरुंगापेक्षा कितीतरी जुन्या बांधकामाचे अवशेष सापडले, देवतेला वाहिलेल्या वस्तूंच्या खुणा सापडल्या आणि इ.स.पूर्व नवव्या-आठव्या शतकातली दफनेही सापडली. त्यांपैकी एका पुरुषाचे हात पाठीमागे बांधलेले असावेत, असे त्याच्या अस्थींच्या स्थितीवरून दिसले. रोम शहराच्या स्थापनेचे पारंपरिक वर्ष इ.स.पूर्व ७५३ हे आहे, म्हणजे ही माणसे शहराच्या पहाटेची किंवा त्याही आधीची. पाणी, देवता आणि मृत्यू यांचा या जागेशी संबंध त्या वेळीच जुळलेला होता. पेत्राच्या कथेत पुढे पाणी येते तेव्हा ही गोष्ट आठवावी.

रोमन लोक तुरुंग कशाला म्हणत

तुरुंग म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे वर्षानुवर्षांची शिक्षा भोगणारे कैदी येतात. रोमन कायद्यातली कल्पना निराळी होती. तिसऱ्या शतकातला कायदेपंडित उल्पियन स्पष्ट लिहितो की, तुरुंग माणसांना ताब्यात ठेवण्यासाठी असावा, शिक्षा देण्यासाठी नव्हे. आरोपीची चौकशी होईपर्यंत, किंवा शिक्षा सुनावल्यावर ती अमलात येईपर्यंत, त्याला धरून ठेवण्याची ही जागा. प्रत्यक्ष शिक्षा म्हणजे दंड, हद्दपारी, खाणीतली सक्तमजुरी किंवा मृत्यू. प्रतिष्ठित आरोपींना तर तुरुंगात न टाकता एखाद्या अधिकाऱ्याच्या किंवा सिनेटरच्या घरी नजरकैदेत ठेवण्याची पद्धत होती. अर्थात व्यवहारात माणसे महिनोन्महिने कोठडीत सडत, आणि उल्पियनला हे वाक्य लिहावे लागले याचे कारणही बहुधा तेच.

तुलियानुमचे स्थान या सगळ्यात वेगळे होते. इतिहासकार लिव्ही या तुरुंगाच्या बांधणीचे श्रेय अँकस मार्शियस या राजाला देतो आणि वाढत्या गुन्हेगारीला जरब बसावी म्हणून तो शहराच्या मध्यभागी, फोरमच्या नजरेसमोर बांधला, असे सांगतो. राजाचे नाव परंपरेतून आलेले आहे, मात्र जागेमागचा हेतू बरोबर कळतो. समोर सिनेटची इमारत, शेजारी सभांचे मैदान, वर टेकडीवर ज्युपिटरचे मंदिर, आणि या सर्वांच्या मधोमध तुरुंग. राज्याचा कारभार करणाऱ्या प्रत्येकाला येता-जाता तो दिसत असे. तुरुंगालगतच गेमोनियन पायऱ्या होत्या, जिथे मारल्या गेलेल्यांचे देह लोकांना दिसावेत म्हणून टाकले जात.

वरच्या खोलीच्या दर्शनी भिंतीवर ट्रॅव्हर्टाईन दगडात कोरलेला लॅटिन लेख आजही वाचता येतो. गायस विबियस रुफिनस आणि मार्कस कोसियस नेर्वा या दोन कॉन्सलांनी, म्हणजे रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांनी, सिनेटच्या ठरावानुसार हे काम केले, असे त्यात म्हटले आहे. हे काम पहिल्या शतकाच्या पूर्वार्धातले. यातला नेर्वा हा पुढे सम्राट झालेल्या नेर्वाचा आजोबा. म्हणजे येशूच्या हयातीच्या आसपास किंवा त्यानंतर लगेचच तुरुंगाचा दर्शनी भाग नव्याने उभा राहिला, आणि पेत्र-पौल रोमला आले असतील तेव्हा लोकांना दिसणारी भिंत हीच होती. पुराव्याच्या दृष्टीने मला संपूर्ण वास्तूतला सर्वांत बोलका भाग हा लेख वाटतो. दारातून आत जाण्याची घाई करणारे बहुतेक जण तो न पाहताच पुढे जातात.

खाली उतरवलेली माणसे

आतून ही जागा कशी होती याचे प्रत्यक्षदर्शी म्हणावे असे वर्णन इतिहासकार सालुस्टने इ.स.पूर्व पहिल्या शतकात करून ठेवले आहे. तो सांगतो की, तुरुंगात थोडे वर चढून गेल्यावर डाव्या हाताला जमिनीखाली सुमारे बारा फूट खोल तुलियानुम नावाची जागा आहे, तिला चहूबाजूंनी भिंती आहेत, वर दगडी कमानींचे छत आहे, आणि अस्वच्छता, अंधार व दुर्गंधी यांमुळे तिचे रूप किळसवाणे व भयंकर आहे. बारा रोमन फूट म्हणजे साडेतीन मीटरच्या आसपास. आज खाली उभे राहून वर पाहिले तर हे माप पटते.

सालुस्टने हे वर्णन ज्या प्रसंगासाठी केले तो रोमन प्रजासत्ताकाच्या इतिहासातला अत्यंत वादग्रस्त प्रसंग आहे. इ.स.पूर्व ६३ मध्ये कॅटिलिना नावाच्या उमरावाने सत्ता बळकावण्याचा कट रचला. त्याचे पाच साथीदार रोममध्ये पकडले गेले. त्यांत लेंटुलस हा स्वतः एकेकाळचा कॉन्सल होता. त्यांना न्यायालयापुढे उभे न करता मारावे की कैदेत ठेवावे, यावर सिनेटमध्ये कडाक्याचा वाद झाला. ज्यूलियस सीझर मृत्युदंडाच्या विरोधात बोलला, सिनेटर केटो बाजूने बोलला, आणि ५ डिसेंबरच्या संध्याकाळी कॉन्सल सिसेरोने पाचही जणांना इथे आणवून दोरीने गळा आवळून ठार करवले. बाहेर येऊन जमलेल्या लोकांना त्याने एकच शब्द सांगितला, ‘जगले’. मृत्यूचे नाव तोंडी आणणे अशुभ मानले जाई, म्हणून भूतकाळ वापरला. रोमन नागरिकांना खटल्याशिवाय मारले हा आरोप सिसेरोला पुढे आयुष्यभर चिकटला आणि काही वर्षांनी त्याला त्यासाठी हद्दपारही व्हावे लागले.

कटवाल्यांपेक्षाही या जागेशी अधिक जोडली गेली ती रोमने हरवलेल्या परकीय राजांची आणि सेनानींची नावे. याचे कारण विजययात्रेच्या विधीत आहे. मोठा विजय मिळवून आलेला सेनापती रथात बसून मिरवणुकीने फोरममधून ज्युपिटरच्या मंदिराकडे जात असे आणि हरलेला शत्रू साखळदंडांत त्याच्यापुढे चालत असे. टेकडीच्या पायथ्याशी आल्यावर वाटा वेगळ्या होत. सेनापती वर मंदिराकडे जाई आणि बंदिवानाला तुरुंगाकडे नेले जाई. सिसेरो आपल्या एका भाषणात नेमके हेच सांगतो की, विजेत्याची सत्ता आणि पराजिताचे आयुष्य ही दोन्ही एकाच दिवशी संपतात.

उत्तर आफ्रिकेतल्या नुमिडियाचा राजा जुगुर्था याला रोमन सेनापती मारियसच्या विजययात्रेनंतर, इ.स.पूर्व १०४ मध्ये, इथे टाकण्यात आले. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क लिहितो की, उघड्या अंगाने खाली ढकलला गेल्यावर, ‘हर्क्युलिस, तुमचे हे स्नानगृह किती थंड आहे!’ असे तो म्हणाला आणि सहा दिवस भुकेशी झुंजून मेला. हा उद्गार खरा असो वा नसो, ज्या कुणी तो प्रथम सांगितला त्याला खालच्या ओलाव्याची आणि पाण्याची माहिती होती, हे निश्चित. आजच्या फ्रान्सच्या भागातल्या गॉल जमातींना सीझरविरुद्ध एकत्र करणारा वर्सिंगेटोरिक्स इ.स.पूर्व ५२ मध्ये अलेसियाला शरण आला, सहा वर्षे कैदेत राहिला आणि इ.स.पूर्व ४६ मध्ये सीझरच्या विजययात्रेच्या वेळी मारला गेला. यहुदी उठावाचा नेता सायमन बार गिओरा याचा शेवट इ.स. ७१ मध्ये, जेरुसलेमचा पाडाव करून परतलेल्या टायटस आणि त्याचा पिता व्हेस्पेशियन यांच्या विजययात्रेत झाला. इतिहासकार जोसिफसने तो वृत्तान्त दिला आहे: मिरवणूक मंदिरापाशी थांबली होती, सायमन मेल्याची वार्ता येताच लोकांनी जल्लोष केला आणि मगच देवापुढचे विधी सुरू झाले.

या यादीकडे लक्षपूर्वक पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. इथे मारले गेले ते राजे, सेनानी, कॉन्सल, सम्राट टायबेरियसचा उजवा हात असलेला आणि इ.स. ३१ मध्ये एका दिवसात सत्तेवरून कोसळलेला सेजानस. राज्याला ज्यांच्यापासून धोका वाटला अशी ही मोठी माणसे होती. गालीलच्या सरोवरावर मासे पकडणारा पेत्र या रांगेत कसा आला?

पेत्र आणि पौल यांच्याविषयी काय सांगता येते

पेत्र आणि पौल रोममध्ये मारले गेले, ही परंपरा फार जुनी आहे आणि तिला भक्कम आधार आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या ख्रिस्ती मंडळीने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या, क्लेमेंटच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पत्रात दोघांच्या छळाचा आणि मरणाचा उल्लेख येतो. इ.स. ६४ मध्ये रोमला मोठी आग लागल्यावर सम्राट नीरोने तिचा दोष ख्रिस्ती लोकांवर टाकून त्यांना क्रूरपणे मारले, हे टॅसिटस हा रोमन इतिहासकार सांगतो, आणि तो ख्रिस्ती लोकांचा मित्र मुळीच नव्हता. इ.स. २००च्या सुमारास गायस नावाचा रोममधला एक ख्रिस्ती विद्वान अभिमानाने सांगतो की, व्हॅटिकनला किंवा ऑस्टियाच्या रस्त्याला गेलात तर या दोन प्रेषितांची स्मारके मी तुम्हाला दाखवू शकतो.

या साऱ्या जुन्या लिखाणात तुलियानुमचे नाव कुठेही नाही. स्मारके दाखवायला निघालेला गायसही तुरुंगाचा उल्लेख करत नाही.

पौलाच्या बाबतीत तर बायबल वेगळेच चित्र देते. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायानुसार तो रोमला आल्यावर एका शिपायाच्या पहाऱ्यात, स्वतः भाड्याने घेतलेल्या घरात पूर्ण दोन वर्षे राहिला आणि भेटायला येणाऱ्यांशी मोकळेपणाने बोलत होता. रोमन नागरिकाला साजेशी ही नजरकैद होती. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातला सूर मात्र बदललेला आहे. तिथे पौल बेड्यांत आहे, मरण जवळ आल्याचे त्याला कळलेले आहे, आणि अनेसिफर नावाच्या मित्राने रोममध्ये आपला कसून शोध घेतला तेव्हा कुठे आपण त्याला सापडलो, असे तो कृतज्ञतेने लिहितो. त्याच पत्रात तो आपला झगा आणि चर्मपत्रे मागवतो आणि हिवाळ्यापूर्वी ये, अशी विनंती करतो. थंड कोठडीत बसलेल्या वृद्ध माणसाचे हे पत्र याच खोलीतून लिहिले गेले, असे अनेक भाविक मानतात. पत्रात जागेचे नाव नाही, आणि हे पत्र पौलाने स्वतः लिहिले की त्याच्या परंपरेतल्या कुणी, यावर बायबलच्या अभ्यासकांचे एकमत नाही. शिवाय तुलियानुममध्ये टाकलेल्या माणसाला लेखनसाहित्य मिळणे आणि मित्रांनी येऊन भेटणे शक्य वाटत नाही. ते पत्र रोममधल्या कैदेतूनच लिहिले असेल, तर ती कैद एखाद्या छावणीत किंवा पहाऱ्यातल्या घरात असणे मला अधिक संभवनीय वाटते.

मग परंपरा आली कुठून? पेत्र-पौलांना ‘मामेर्टिनस’ कैदेत ठेवल्याचे सांगणारा सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे प्रोसेसस आणि मार्टिनियन या दोन पहारेकऱ्यांच्या हौतात्म्याची कथा. ती साधारण सहाव्या शतकातली, म्हणजे नीरोनंतर सुमारे साडेचारशे वर्षांनी लिहिली गेलेली. तिच्यानुसार, कैदेतल्या पेत्राची प्रार्थना आणि त्याने केलेले चमत्कार पाहून या दोन पहारेकऱ्यांचे मन पालटले. त्यांना आणि इतर कैद्यांना बाप्तिस्मा द्यायचा होता, पण पाणी नव्हते. तेव्हा पेत्राच्या प्रार्थनेने खडकातून झरा फुटला. दोघांचा बाप्तिस्मा झाला, त्यांनी प्रेषितांना निघून जाण्याची वाट मोकळी करून दिली आणि पुढे स्वतः धर्मासाठी प्राण दिले.

झरा तर पेत्राच्या कितीतरी शतके आधीपासून तिथे होता, हे पुरातत्त्वाने दाखवलेच आहे. तेवढ्यावरून ही कथा मोडीत काढावी, असे मला वाटत नाही. ती रचणाऱ्या आणि ऐकणाऱ्या माणसांना या खोलीत पाणी आहे हे ठाऊक होते, आणि जिथे माणूस मरण्यासाठीच उतरवला जाई तिथल्या पाण्यातून नवा जन्म देणारा संस्कार घडला, हे सांगण्यात त्यांच्या श्रद्धेचे सार होते. रोमन राज्याने दहशतीसाठी वापरलेली जागा त्यांनी आशेची जागा म्हणून परत मिळवली. नवव्या शतकाच्या आसपास स्वित्झर्लंडमधल्या आइन्सीडेल्न मठाच्या हस्तलिखितात जपल्या गेलेल्या रोमच्या यात्रामार्गांमध्ये ‘संत पेत्राचा झरा, जिथे त्याचा तुरुंग आहे’ अशी नोंद आढळते. म्हणजे तोपर्यंत यात्रेकरू ही जागा शोधत येत होते, आणि त्यांचे पाहण्याचे मुख्य ठिकाण झरा हेच होते.

पेत्र इथे नव्हताच, असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावाही कुणाजवळ नाही. आज उरलेल्या दोन खोल्या हा प्राचीन तुरुंगाचा केवळ एक भाग आहे. लगतच्या दगडखाणींमध्येही कोठड्या होत्या, आणि शहरात पकडलेल्या माणसाला फोरमजवळच्या सरकारी तुरुंगात आणणे स्वाभाविक होते. दुसरीकडे, टॅसिटस सांगतो त्याप्रमाणे नीरोच्या वेळी पकडलेल्यांची संख्या फार मोठी होती आणि त्यांचा छळ टायबर नदीपलीकडे नीरोच्या उद्यानांत झाला. ती माणसे या दोन खोल्यांत मावलीच नसती. म्हणून ‘शक्य आहे, सिद्ध नाही’ इथवर इतिहास आपल्याला आणून सोडतो. या उत्तराने श्रद्धावंताचे काही बिघडत नाही, कारण दीड हजार वर्षे लोक इथे गुडघे टेकत आले आहेत ही गोष्ट स्वतःच पूर्णपणे ऐतिहासिक आहे.

आत गेल्यावर काय पाहावे

प्रत्यक्ष भेटीला निघण्यापूर्वी दोन सूचना. पहिली, रोममध्ये ‘कार्कर’ हा शब्द नावात असलेले संत निकोलस यांचे एक वेगळे चर्च टायबर नदीच्या बाजूला आहे. नकाशावर नाव शोधताना गल्लत होऊ शकते. दुसरी, फोरम आणि कोलोसियमच्या तिकिटावरच इथे प्रवेश मिळेल, असे गृहीत धरू नये. ही जागा ख्रिस्ती यात्रांचे आयोजन करणाऱ्या संस्थेच्या व्यवस्थापनाखाली राहिलेली आहे, म्हणून वेळा आणि तिकीट आधी तपासावे. कोलोसियम या मेट्रो स्थानकावर उतरून फोरमांच्या मधून जाणाऱ्या रुंद रस्त्याने चालत आले, की डाव्या हाताला, टेकडीच्या कुशीत ही वास्तू येते. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे किंवा बंद जागेत गुदमरल्यासारखे होते, त्यांनी खालच्या खोलीचा विचार करूनच पाऊल टाकावे, कारण जिना अरुंद आणि उभा आहे.

सुरुवातीला छोटेखानी संग्रहालयात उत्खननात मिळालेल्या वस्तू मांडल्या आहेत. त्या घाईने ओलांडू नयेत, कारण तुरुंगापूर्वीच्या काळाशी आपली ओळख तिथेच होते. पुढे वरच्या खोलीत मध्ययुगातल्या भित्तिचित्रांचे फिकट झालेले अवशेष दिसतात आणि जमिनीत ते भोक दिसते, ज्यातून बंदिवानांना खाली सोडले जाई. आता त्यावर जाळी आहे. आज आपण ज्या जिन्याने खाली उतरतो तो प्राचीन नाही. यात्रेकरूंच्या सोयीसाठी तो पुष्कळ नंतर केला गेला. जुगुर्थाला किंवा लेंटुलसला पायऱ्या नव्हत्या, हे उतरताना लक्षात ठेवले तर सालुस्टच्या वर्णनाचा अर्थ अंगावर येतो.

जिन्यालगतच्या भिंतीत जाळीआड एक दगड जपलेला आहे. पहारेकऱ्याने ढकलल्यामुळे पेत्राचे डोके आपटून त्यावर ठसा उमटला, अशी आख्यायिका सांगतात. मूळ तुरुंगाला इथे जिनाच नव्हता हे कळल्यावर या आख्यायिकेचे वय आपोआप लक्षात येते. तरीही असंख्य हातांनी त्या दगडाकडे भक्तिभावाने बोट दाखवले आहे, म्हणून त्याच्यापुढे थांबणाऱ्यांना थोडी जागा द्यावी. खालच्या खोलीत एक वेदी आहे आणि तिच्यावरच्या शिल्पात उलटा क्रूस आहे. आजच्या काळात उलट्या क्रूसाला काही ठिकाणी धर्मविरोधी अर्थ चिकटल्यामुळे तो पाहून अनेक जण दचकतात. इथे तो पेत्राची खूण आहे. आपल्या प्रभूसारखे मरण्याची आपली योग्यता नाही असे म्हणून त्याने उलटे क्रूसावर चढवले जाणे मागून घेतले, अशी परंपरा आहे, आणि पेत्राच्या उलट्या क्रूसारोहणाची कथा दुसऱ्या शतकाइतकी जुनी आहे. वेदीजवळच एक लहान खांब दाखवला जातो, ज्याला प्रेषितांना बांधले होते असे म्हणतात. तिथेच जमिनीत झऱ्याचे तोंड आहे. माझ्या मते या सर्वांत जास्त वेळ द्यावा तो चिऱ्यांच्या भिंतीला आणि झऱ्याला, कारण राजे, कटवाले, पहारेकरी आणि भाविक या सर्वांनी पाहिलेल्या गोष्टी त्याच आहेत.

वरच्या चर्चविषयी एक अलीकडची घटना नोंदवायला हवी. ३० ऑगस्ट २०१८ रोजी त्याच्या छताचा मोठा भाग कोसळला. चर्च त्या वेळी रिकामे असल्यामुळे कुणालाही इजा झाली नाही. आख्ख्या परिसरात दोन हजार वर्षांपूर्वीचे दगड जागच्या जागी असताना सतराव्या शतकातले लाकडी छत पडावे, यावरून प्राचीन वास्तूंच्या जतनात वरच्या थरांकडेही किती लक्ष द्यावे लागते हे कळते.

हा विषय पुढे न्यायचा असेल तर इथून पायी जाण्याजोग्या अंतरावर, एस्क्विलिन टेकडीवर, ‘बेड्यांतल्या संत पेत्राचे’ चर्च आहे. मायकेलअँजेलोने घडवलेला मोशेचा पुतळा पाहायला लोक तिथे गर्दी करतात, पण चर्चचे मूळ प्रयोजन मुख्य वेदीखाली ठेवलेल्या साखळ्यांत आहे. पाचव्या शतकात सम्राज्ञी युडोक्सियामुळे हे चर्च उभे राहिले. जेरुसलेममध्ये पेत्राला घातलेल्या बेड्या आणि रोमच्या या तुरुंगातल्या बेड्या जवळ आणताच एकमेकींत आपोआप गुंतल्या, अशी तिथली परंपरा सांगते. कथेतले पहारेकरी प्रोसेसस आणि मार्टिनियन यांचे अवशेष नवव्या शतकात पोप पहिले पास्कल यांनी व्हॅटिकनच्या संत पेत्र महामंदिरात आणवले. तिथे त्यांच्या नावाची वेदी आहे, आणि कॅथलिक हुतात्म्यांच्या सूचीत त्यांचा स्मृतिदिन २ जुलै हा आहे, म्हणजे २९ जूनच्या पेत्र-पौलांच्या सणानंतर अवघ्या तीन दिवसांनी.